श्यामबाबांनी बोलावलेला तारा

परदेशातल्या माउंट रॉस्किल उपनगराच्या टेकडीवर पन्नासेक मराठी माणसं जॅकेटं चढवून आभाळाकडे बघत उभी होती. श्यामबाबांनी हात उंचावला.

"सूक्ष्म देहाला व्हिसा लागत नाही, मंडळी! सुमतीताई, बघा, जनार्दनराव आले!"

आणि खरंच, मावळतीच्या निळाईत एक ठिणगी उमटली, भपकन पेटली, विरून गेली. सुमतीबाई हुंदका देत खाली बसल्या. त्यांच्या सुनेच्या, प्रणिताच्या अंगावर काटा आला. सासरे, जनार्दनराव, वारल्यापासून घरात त्यांचा खोकला ऐकू येतो, असं सुमतीबाई म्हणायच्या. आता तो प्रणितालाही कानामागे ऐकू आला.

जनार्दनरावांची हयात सैन्याच्या क्षेपणास्त्र-चाचणी तुकडीत गेली. बाबांनी नेमकं तेच हेरलं होतं. "आभाळाचा माणूस आभाळातून बोलावतोय. औषधांनी वाट अडवू नका."

सुमतीबाईंनी हृदयाच्या गोळ्या सोडल्या. पाय सुजले. न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागू लागली.

"आई, एक तरी घ्या ना."

"अडवू नकोस गं. ते ताटकळलेत."

प्रणिता स्वयंपाकघरात रडली, तेव्हा लेक वल्लरी म्हणाली, "मम, इट्स अ सॅटेलाइट! आमच्या ॲस्ट्रॉनॉमी क्लबनी असे हीप्स, ढिगानं पाहिलेत." तिने वेबसाइट उघडली. कुठून, कधी, केवढा लखलखाट, सगळं आधीच मांडलेलं. फोनचे उपग्रह. त्यातले कितीतरी कॅलिफोर्नियातल्या लष्करी तळावरून सोडलेले. तिथली तुकडी क्षेपणास्त्रांच्या चाचण्याही घेते. उपग्रहाच्या चकचकीत अँटेनावर ऊन पडलं की आरशासारखा कवडसा जमिनीवरून सरकतो. बाबांची दिव्यदृष्टी म्हणजे फुकटचं वायफाय!

गुरुवारी तिन्हीसांजेला दोघींनी आजीला परसात, कपड्यांच्या दोरीखाली बसवलं.

"आजी, लुक अप. नाऊ!"

मंत्र नाही, बाबा नाही. तरी ठिणगी पेटली आणि विझली.

"आज तर कुणी बोलावलं नव्हतं," सुमतीबाई पुटपुटल्या.

"नाही, आई."

बराच वेळ त्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहिल्या. "ह्यांच्या तुकडीत चाचणीआधी किनाऱ्यावरची गावं रिकामी करायचे. चाचणीची वेळ आधीच ठरलेली असायची. अशी वेळ आधी सांगता येते ती यंत्राची. हे तर जेवायलासुद्धा कधी वेळेवर आले नाहीत." मग अगदी हळू, "गेले गं ते."

त्या रात्री घरात कुणी खोकलं नाही. ती शांतता प्रणिताला त्या खोकल्याहून जड वाटली. पण सकाळी सुमतीबाई स्वतःच म्हणाल्या, "डॉक्टरकडे ने मला."

बरं वाटल्यावर त्या बाबांच्या मंडळींपुढे उभ्या राहिल्या. "तारा बघा, सुंदर असतो. आपल्या माणसासाठी रडाही. पण त्याच्या नावानं कुणी औषध सोडायला लावलं, तर आधी विचारा, बाबा, ताऱ्याची ही वेळ तुम्हाला आधीच कळली कुठून?"