पूनमसिंग पाळी बदलून द्यायला तयार होता

वणीच्या आसपास कोळशाच्या खदानीत काम करणाऱ्या माणसासाठी 'पाळी' या शब्दाचा अर्थ एकच. भोंगा वाजला की सुरू होते ती. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. या शब्दाला आणखी एक अर्थ असतो हे तिथल्या पुरुषांना माहीत नव्हतं असं नाही. पण तो अर्थ त्यांनी घरी ठेवलेला होता, जसा लग्नातला कोट ठेवतात. फरक इतकाच, की कोट कधीतरी बाहेर निघतो.

संघर्षची अडचण या दुसऱ्या अर्थाची होती आणि ती त्याच्या बायकोची होती.

दीपमाला बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायची. एरवी तिच्याइतकं गोड बोलणारं त्या रांगेत कोणी नव्हतं. पण पाळी यायच्या आधीचे काही दिवस तिचं पोट फुगायचं, कंबर धरायची, झोप उडायची आणि जिभेला ब्रेक लागायचा नाही. मागच्या महिन्यात एका सरपंचानं आधार कार्डावरचा फोटो नीट येत नाही अशी तक्रार केली. ती म्हणाली, "मशीन बरोबर हाय भाऊ. तोंडच तसं हाय." सरपंच गेले, मागून घंटागाडी आली आणि तिचं गाणं ऐकून दीपमाला ढसाढसा रडली. गाणं ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याबद्दल होतं.

"त्याईले वेगळं काहून ठेवते?" तिनं डोळे पुसत दुकानात बसलेल्या संघर्षला विचारलं.

ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. त्या म्हणाल्या, असं पुष्कळ जणींना होतं, घाबरू नका. चहा आणि मीठ कमी करा, पायी चाला, झोप घ्या. घरगुती काही करायचं तर करा, पण मला सांगून. तरी फार झालं तर या, औषध देऊ. दीपमालाला आधी घरगुतीच करून पाहायचं होतं. पण आई राळेगावला, आणि या विषयावर फोनची रेंज जाते असं सांगणारी. सासू म्हणायची, "आमच्या टाइमाले नव्हतं बाई असं काही." त्यांच्या वेळी मोबाइलही नव्हता, पण तो आता त्यांच्या हातून सुटत नव्हता.

"तुह्या खदानीत एवढे लोक हाय," दीपमाला संघर्षला म्हणाली. "त्याईच्या घरी बाया नाही का? विचार ना."

संघर्ष खदानीत पंपावर हेल्पर होता. वर्षभर तो सुट्टीच्या दिवशीही जाऊन डंपर शिकला होता, टेस्टही पास झाला होता. आता फक्त साहेबाची सही बाकी होती. सही झाली की दुमजली घराएवढा डंपर त्याच्या हाती येणार होता. त्याला डंपर शिकवला बाबूसिंगनं, तांड्यावरून येणाऱ्या, सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं. विचारायला माणूस तोच बरा म्हणून संघर्षनं त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं. 'बायको' हा शब्द त्याच्या गळ्यापर्यंत आला आणि तिथं तर्री-पोह्यांना वाट देऊन बाजूला उभा राहिला.

"काका, पाळीच्या आधी लय त्रास होते. पोट फुगते, कंबर दुखते, झोप येत नाही. चिडचिड होते. कधी तर रडूच येते. घरगुती काही हाय का?"

बाबूसिंगनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"मले वाटे हे मलेच होते, बापू."

"तुम्हाले?"

"भरती झालो तवापासून. पहिल्या पाळीच्या आधी तर पोट असं फुगते, का पट्टा लागत नाही. रडलो मी एकदाच. पण ती रविवारची पाळी होती."

शेजारच्या टेबलावरून पंपावरचा पूनमसिंग म्हणाला, "मले चिडचिड होते. एकदा भोंग्यालेच शिवी देल्ली. तो बंद झाला ना बे."

खुलासा करायची वेळ हीच होती. संघर्षनं त्यासाठी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात उपाय यायला लागले, आणि उपाय चांगले होते. म्हणून त्यानं उघडलेल्या तोंडात पोहे घातले आणि ऐकत बसला.

"जवसाचा लाडू खा," बाबूसिंग म्हणाला. "जवस भाजायचं, तीळ भाजायचे, कुटून गुळात वळायचं. तुही काकू, आमची बसंती करते. मी पाळीच्या आधी दोन हानतो, माणसात येतो. फक्त महिन्यातून थोडेच दिवस राह्यते डब्यात. कोणत्या हिशेबानं करते, तिले मालूम."

कोणी सांगितलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोटावर ठेव. कोणी म्हणालं, ड्युटीवर पायी येत जा. चहा सोड असं एकानं सुचवलं, पण त्याच्याच हातात तिसरा कप होता, म्हणून सगळ्यांनी त्याला गप्प बसवलं.

"अन् लयच झालं तं सांग," पूनमसिंग छातीवर हात ठेवून म्हणाला. "तुही पाळी मी करतो."

हे घरी ऐकल्यावर दीपमाला इतकी हसली, की पोटावरची ओव्याची पुरचुंडी खाली पडली. "त्याले म्हण, घेऊन जाय. वापसही आणू नको."

पण उपाय तिनं केले. लाडू केले, चहा एक वेळेवर आणला, दुकानात पायी जायला लागली. पुढच्या महिन्यात सगळं गेलं असं नाही. पण झोप लागली, कंबर हलकी वाटली, आणि गिऱ्हाइकांना ती मनात आलेलं अर्धंच सांगायला लागली.

खदानीत मात्र गोष्ट पुढे गेली. बाबूसिंगनं निव्वळ मायेपोटी साहेबाच्या कानावर घातलं, की पोरगा लाखात एक आहे, फक्त पाळीच्या आधी रडतो, सांभाळून घ्या. सुरक्षेचे परिहार साहेब बिलासपूरकडचे, नवे. रडणाऱ्या माणसाला डंपर द्यायचा म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यांनी रडायचं, असा त्यांनी विचार केला. सही थांबली. संघर्षला हलकी ड्युटी मिळाली. ऑफिससमोरच्या कुंड्यांना पाणी घालायचं. सोमवारी डंपर दुसऱ्याला जाणार, हेही समजलं.

"म्हणजे पाळी माही, अन् आराम तुले?" दीपमाला म्हणाली. तिचे ते दिवस पुन्हा आले होते. "खरं सांग ना त्याईले."

"कसं सांगू? सगळे राह्यते तिथं."

"मी लोकाईच्या मूळव्याधीच्या रिपोर्टचे झेरॉक्स काढतो. तोंड वाकडं केलं का कधी? उद्या तू सांगतं, का मी येऊ? अन् मी आली तं काय बोलीन, ते माहं मलेच मालूम नाही."

संघर्षनं सरपंचाचा चेहरा आठवला आणि सकाळी स्वतःच गेला.

"साहब, वो पाली का जो मामला था, वो मेरी पाली नहीं थी."

"तो किसकी थी?"

"मिसेस की."

साहेबांनी मान वर केली. "आपकी मिसेस भी खदान में है?"

"नहीं साहब. झेरॉक्स में."

"झेरॉक्स में कौनसी पाली होती है?"

"महीनेवाली."

"महीने में एक ही पाली?" साहेबांच्या आवाजात जरा हेवा होता. "और उसमें भी रोती हैं?"

मागे कारकून लिहायचे थांबले होते. दारात बाबूसिंग उभा होता. संघर्षची हिंदी इथं संपली. ती सगळी सिनेमातली होती, आणि त्यातल्या एकाही हिरोइनला हा त्रास झालेला त्यानं पाहिला नव्हता. मग त्यानं सरळ मराठीत, पंपाच्या आवाजावर बोलायच्या सवयीनं, सांगितलं:

"साहेब, माह्या बायकोले मासिक पाळी येते. त्याच्या आधी तिले त्रास होते. त्याचे उपाय विचारले होते मी. मी रडत नाही, ती रडते. घंटागाडीचं गाणं ऐकून."

'मासिक' हा शब्द साहेबांपर्यंत पोहोचताना सगळ्यांना दिसला. साहेबांनी सही केली, कागद पुढे सरकवला. संघर्ष दारापाशी गेल्यावर त्यांनी हळूच हाक मारली.

"सुनो. बाबूसिंग वो अलसी के लड्डू बता रहा था. भूनके बनाते हैं, कि कच्ची?"

"भूनके, साहब."

बाहेर बाबूसिंगनं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मंग माहं पोट काहून फुगते?"

"तुम्ही आलूबोंडे खाता, काका."

सोमवारी पहिल्या पाळीला संघर्ष डंपरवर चढला. तो नवा ऑपरेटर, म्हणून शिकवायला बाजूला बाबूसिंग बसला. एरवी तो गिअरपासून राजकारणापर्यंत सगळं सांगायचा. आज त्यानं घरापासून सुरुवात केली.

"बसंतीले विचारलं काल," तो म्हणाला. "लाडू कोणत्या हिशेबानं करतं म्हणून. तं म्हणे, माही कंबर धरली का करतो. म्हणे, मले दोन भेटते, बाकी तुम्ही पाळीले घेऊन जाता."

"मंग? तुम्ही काय म्हटलं?"

"काय म्हणन? मले वाटे, माह्यासाठीच करते."

संघर्षनं सीटमागून स्टीलचा डबा काढला. दीपमालानं दिला होता. कृती काकूची, म्हणून पहिला डबा काकूला, असं तिनं बजावलं होतं. "काकूसाठी हाय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

बाबूसिंगनं डबा मांडीवर घेतला. डंपर खाली खदानीत उतरला, कोळसा भरून वर आला, पुन्हा उतरला. प्रत्येक खड्ड्याला झाकण वाजायचं आणि तो त्यावर हात दाबून धरायचा. दुपारी एका चढावर त्यानं झाकणाला नाक लावलं, मोठा श्वास घेतला, आणि डबा तसाच पुन्हा मांडीवर ठेवला.