तख्ताखालच्या विटा

अम्मी सकाळी गेली. दुपारी दर्यापुरातल्या आमच्या घरात एकच वाद चालला होता: तिला आंघोळ कोण घालणार.

मोहल्ल्यातल्या बायांच्या मयतीला गुस्ल द्यायचं काम सुरैय्या खालाचं. पण उन्हाळ्यात अकोल्याला तिच्या उजव्या गुडघ्यात नवा सांधा बसवला आणि तेव्हापासून शेजारची गजाला ते काम करायची. आजही ती बाह्या सरसावून अंगणात उभी होती.

"अम्मीनं खालाचंच नाव घेतलं होतं," मी म्हणाले.

"घेतलं असंन. पण खालाले बसता येत नाही, वाकता येत नाही. ओल्यात पाय घसरला तर? असरच्या नमाजनंतर जनाजा आहे, शाइस्ता. मय्यत ताटकळत ठेवू नये."

तेवढ्यात खाला काठी टेकत दारात आली, घामानं भिजलेली. खरेदी केंद्राच्या रांगेतल्या कापसाच्या बैलबंड्या पार आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. ऑटो आत येईना, म्हणून ती उतरून चालत आली होती. मागोमाग तिचा मुलगा फरदीन, वेल्डिंगच्या दुकानातून तसाच उठून आलेला.

"अम्मी, तुह्यं हे काम आता संपलं. डॉक्टरनं काय सांगतलं? खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही."

"उभ्यानं करीन."

"अन् पडली तर?"

"तर निजीन तिच्याच बाजूले. पाणी तापूनच राहिलं आहे."

फरदीन माझ्याकडे वळला. "आपा, सांधा सरकला तर ते जन्माची खाटेवर पडंन. तुमी तरी सांगा."

अम्मीचा शब्द एकीकडे, त्याची आई दुसरीकडे. खालानं काठी त्याच्या हातात दिली आणि परसात बांधलेल्या चादरींच्या पडद्याआड गेली.

मशिदीतून आलेलं लाकडी तख्त जेमतेम गुडघ्याएवढं उंच होतं. खालाला वाकावं लागू नये म्हणून मी परसातल्या जुन्या विटा आणल्या, गजालानं आणि मी त्या चारही पायांखाली रचल्या. तख्त मांडीच्या वर आलं. सकाळपासून माझ्या हातून झालेली ती पहिली कामाची गोष्ट होती. गुस्लचं पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तख्ताखाली खड्डा खणलेला होता, विटा त्याच्या कडेलाच आल्या. मी अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. पाणी प्यायल्यावर काळी माती काय करते ते मी विसरले होते. गजाला विसरली नसेल, पण तिला घाई होती.

बोरीच्या पाल्याचं कोमट पाणी. अम्मीच्या अंगावर चादर, आणि चादरीखाली खालाचा कापड गुंडाळलेला हात. ती सगळं उभ्यानं करत होती, ओठ आवळून. मी उशाशी उभी होते. अजून मी अम्मीला हात लावला नव्हता.

"आता डाव्या कुशीवर," खाला म्हणाली. तिनं आणि गजालानं अम्मीला वळवलं. अम्मीचा भार खालाच्या पोटाशी आला.

आणि खालाच्या बाजूच्या विटा खचल्या.

आवाज फारसा झाला नाही. तख्त कललं, तांब्या घरंगळत गेला. गजालानं वरची फळी धरली. खालानं स्वतःला सावरलं नाही. ती सरळ चिखलात टेकली, त्याच गुडघ्यावर, खांदा तख्ताखाली घातला आणि दोन्ही हातांनी अम्मीला धरून ठेवलं.

"काय झालं?" बाहेरून फरदीनचा आवाज आला. "मी येऊन राहिलो!"

"खबरदार!" खाला ओरडली. "उघडी बाई आहे इथं!"

चादरीपलीकडे त्याची सावली पुढे आली आणि थांबली.

"शाइस्ता, पाठ राहिली. धू."

"आधी विटा..."

"विटा मागून. एकदा उताणी केली का पुन्हा कुशीवर घ्याचं बळ नाही माह्यात."

"मले नाही जमणार, खाला."

"जमते का म्हणून कोण विचारून राहिलं? पाणी घे."

मी पाणी घेतलं. चादरीखाली हात गेला. दोन खांद्यांच्या मधली ती जागा, जिथं तिचा स्वतःचा हात पोचत नसे. घामोळ्या आल्या की "जरा वर, अजून वर" म्हणत ती तिथं माझ्याकडून फणी फिरवून घ्यायची. मी खालून वर धुतलं, मग वरून खाली. बोरीचं एक पान चिकटलं होतं, ते काढलं.

"बस," खाला म्हणाली.

अम्मीला उताणं केलं. गजालानं फळी उचलून धरली आणि मी पायांखाली दगड सरकवला. तख्त थांबलं, पण खाला चिखलातच होती. एकदा उठायला गेली, पुन्हा टेकली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अम्मी," बाहेरून फरदीन म्हणाला, आता हळू आवाजात. "उभी आहे ना तू?"

खालानं माझ्याकडे पाहिलं.

"हाव," चिखलात गुडघा टेकलेली ती म्हणाली, "उभीच आहे."

मी मागून तिच्या काखेत हात घातले. तिनं डावा पाय रोवला, तख्ताची कड धरली. कुठेतरी हाड वाजलं, तिचं की माझं, कळलं नाही. ती उठली. कापराचं शेवटचं पाणी तिनंच घातलं.

पडद्याबाहेर आली तेव्हा तिच्या सलवारीवर उजव्या गुडघ्याशी ताटलीएवढा काळा डाग होता. फरदीननं तो पाहिला. काठी तिच्या हातात दिली.

कब्रस्तानातून पुरुष परतले तेव्हा खाला आमच्या ओसरीत खुर्चीवर बसली होती, सुजलेल्या गुडघ्यावर ओला टॉवेल घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. फरदीन सरळ परसात गेला. मशिदीत परत द्यायचं तख्त त्यानं उलटं केलं, पाय तपासले, मग तिच्यासमोर येऊन स्वतःच्या कमरेपाशी आडवा हात धरला.

"लोखंडी पाय लावतो. एवढे?"

खालानं त्या हाताकडे पाहिलं.

"जरा खाली," ती म्हणाली. "तू बापावर गेला, लांबोडा. मी नाही."

त्यानं हात थोडा खाली घेतला.

"अजून," ती म्हणाली.