उभी बाज

मी जिवनबाईची बाज बोलतेय. पाय बाभळीचे, विणकाम सुतळीचं. बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

वारंगा फाट्यावरून आत वळलं की आमचा तांडा. जिवनबाईचा नवरा किसनसिंग, त्यानं बांधावरची बाभूळ तोडून मला सुताराकडून करवून घेतलं. सुतळी मात्र त्यानं स्वतःच्या हातानं विणली. अंगणात माझ्यावर लेकरं झोपली, पाहुणे बसले, बायकांनी हरभरा निवडला. बायका दाटीनं बसल्या की मी करकरायचे. शेजारची शकुबाई म्हणायची, "जिवने, बाज कुरकुर करून राहिली. तुझ्यावरच गेली."

आमच्या तांड्यावर एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की बाज अंगणात भिंतीला उभी करतात. लांबून दिसली की लोक हातातलं काम टाकून येतात. एरवी बाज उभी करायची नाही, झाडायची असली तरी आडवीच झाडायची.

किसनसिंग गेला तेव्हा मी उभी राहिले. अंगण माणसांनी भरलं. मग मला आडवं केलं, आणि त्यानंतर माझ्यावर कुणी बसायला येईना. पोरगा देविदास पुण्याला कामाला. बायका आपापल्या ओट्यावर मोबाईल धरून बसलेल्या. जिवनबाई दुपारची माझ्या एका कडेला बसते. दुसरी कडा मोकळी ठेवते. कुणासाठी, हे तिला विचारायची सोय नाही, ती खेकसते.

मागच्या उन्हाळ्यात हिंगोलीचा सुरज कॅमेरा घेऊन आला. भुताचा सिनेमा काढत होता. त्याला सुरुवात आमच्या अंगणातून पाहिजे होती.

"भूत कुठंय तुझं?" जिवनबाईनं विचारलं.

"मावशी, सुरुवातीलाच भूत दाखवलं तर लोक हसतात. आधी रोजचं घर दाखवायचं. चूल, दारातल्या चपला, वाळत घातलेला कपडा. माणूस कुणीच न्हाई. आवाज न्हाई. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, सगळं बराबर आहे. मग एकच गोष्ट चुकीची दाखवायची आन् तिथंच थांबायचं. पुढचं भूत तो आपल्या मनानं आणतो."

असं म्हणून त्यानं मला भिंतीला उभं केलं. शहरातला माणूस, त्याला काय माहीत. जिवनबाईनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि चहा ठेवायला आत गेली.

सुरजची माणसं लांब लिंबाखाली जाऊन बसली. अंगण मोकळं. दारात चपला, आणि मी उभी.

शकुबाई चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. तिची नजर माझ्यावर पडली. भारा खाली, शकुबाई जागेवर. सुरजला पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या मनात जी भीती बसवायची होती, ती शकुबाईच्या तोंडावर आधीच आली होती. मग तिनं रडायला हेल काढला, आणि अख्खा तांडा धावत आला.

जिवनबाई चहाचं पातेलं घेऊन दारात आली.

"जिवने, तू जित्ती हायेस?"

"न्हाई, चहा राहिला होता म्हणून परत आले."

"असली चेष्टा करतात व्हय? माझं काळीज थांबलं असतं."

"मग माझ्या आधी तुझी बाज उभी झाली असती. बस आता. मेलेली बघायला पळत येता, जित्ती बघायला तुमचे पाय दुखतात."

मला आडवं केलं. दाटीनं बसल्या सगळ्या, आणि मी मनसोक्त करकरले. जाताना प्रत्येकीनं म्हटलं, उद्या येते.

उद्या कुणी आलं नाही. परवाही नाही.

मग एका दुपारी जिवनबाईनं स्वतःच मला उभं केलं. पातेलंभर चहा ठेवला आणि दारात थांबली. रस्त्यानं शकुबाई आली. माझ्याकडे बघितलं. "सिनेमावाले आले वाटतं," म्हणाली, आणि गेली. चहा गार झाला. जिवनबाईनं मला आडवं केलं आणि माझ्या एका कडेला येऊन बसली.

मी लाकूड आहे, पण मला सुरजची गोष्ट समजली. त्याचं एक चुकलं. जिवनबाई खरोखर जाईल त्या दिवशी मला उभं करायला घरात कुणी नसेल. मी आडवीच असेन. चूल तिथंच, चपला दारात. लांबून सगळं बराबर दिसेल.

म्हणून सांगते, बाज आडवी दिसली तरी आत या. एक कडा मोकळी आहे.