सील हलला का?

वडील जाऊन पंधरवडा झाला, तरी आत्याला कळलं नव्हतं. बाकी सगळ्यांना आईने कळवलं. नणंदेला सांगायचं काम तिने चिरंजीवांच्या गळ्यात टाकलं होतं. आत्या राहायची लांब, पण फोन रोज. ‘बाबा अंघोळीला गेलेत,’ चिरंजीव सांगायचे. पंधरा दिवस माणूस अंघोळ करतोय, तरी आत्याला शंका येत नव्हती.

“वाऱ्यावर चल, तोंड उघडेल तुझं,” म्हणत आईने चिरंजीवांना समुद्राकाठच्या राष्ट्रीय उद्यानात ओढून आणलं. “आज तिला सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही.”

समुद्र होता. कडा होता. कड्यावर शेकडो पक्षी एकदम बोंबलत होते. चिरंजीवांना बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटत होतं. फक्त वारा जास्त होता.

खाली वाळूवर एक सील, म्हणजे मिशाळ समुद्रप्राणी, पडला होता. मेला असेल तर भरतीच्या आत ओढून न्यायचा, जिवंत असेल तर झोपू द्यायचा, असं उद्यानाच्या वाटाड्याने सांगितलं. जवळ जायला मनाई. त्याने एकदा लाकडाचा ओंडका मेल्याचं कळवलं होतं, तेव्हापासून साहेबांचा नियम होता: दोन पाहुण्यांचं एकमत झाल्याशिवाय वायरलेसला हात लावायचा नाही.

“मेलाय,” आई दुर्बीण खाली घेत म्हणाली.

“हलला,” चिरंजीव म्हणाले.

“वाऱ्याने मिशा हलल्या.”

“म्हणजे हललाच ना!”

“दादा, नीट बघा हो,” वाटाड्या म्हणाला. “पाणी चढतंय. आणि मी जेवलो नाहीये.”

पाणी शेपटीपर्यंत आलं. आई हळूच म्हणाली, “दवाखान्यात पण तुझं असंच. चादर हलली, चादर हलली. अरे, पंखा चालू होता.”

चिरंजीवांनी पुन्हा दुर्बीण लावली. डोळ्यांत काही आलं नाही. दुर्बिणीची काच तेवढी धुरकट होती.

“मेलाय,” ते म्हणाले.

वाटाड्याने लगेच बटण दाबलं. “साहेब, एकमत झालं, मेला—”

सील शिंकला. दुपारची झोप मोडणाऱ्या शेजाऱ्यांकडे बघावं तसं त्याने तिघांकडे बघितलं, कूस बदलली आणि घरंगळत पाण्यात शिरला.

“नाही साहेब,” वाटाड्या वायरलेसमध्ये म्हणाला. “रद्द करा. हो, परत तेच.”

आई बराच वेळ लाटांकडे बघत राहिली. “ह्यांना नाही जमलं बघ असं,” ती म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

चिरंजीवांनी फोन काढून आत्याला लावला.

“आधी तुझ्या बाबाला दे,” आत्या म्हणाली.

“आत्या, बाबा वारले.”

अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, “नक्की?”

सील शिरला होता तिथलं पाणी आता सपाट झालं होतं.

“नक्की,” चिरंजीव म्हणाले. “खूप वेळ बघितलं आम्ही.”