न झिजलेले बूट

टकळीला घरात सगळे टकळीच म्हणत, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की झोप लागल्याशिवाय थांबत नसे. त्या रविवारी मात्र वृद्धाश्रमात आजीच्या खोलीत तिची बोलतीच बंद झाली.

बाबा बूट शिवणारे. दोन महिन्यांपूर्वी आजीला इथे ठेवलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी तिला मऊ चामड्याचे बूट शिवून दिले होते. इथे काम करणाऱ्या मावशी दर आठवड्याला सांगत, आजींना सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरवतो. ते ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडे. आजी हल्ली गप्पगप्प असायची, पण वय झालं म्हणून ते सोडून देत.

टकळीने खाटेखालचे बूट सहज उचलून उलटे केले. दुकानात वाढलेली पोर ती, गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत बुटाच्या तळावरून त्याची चाल सांगायची. दोन महिने फिरलेल्या बुटाची टाच झिजते, चवड्यापाशी सुरकुत्या पडतात. हे बूट मात्र शिवले तसेच होते.

तिने ते बाबांपुढे धरले. टाचेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, आजीचं पाऊलच हलकं. मग त्यांचं त्यांनाच ते पटेना. वाकून त्यांनी खुर्चीत बसलेल्या आजीच्या मांडीवरची चादर सारली. कमरेभोवती ओढणी होती आणि तिची गाठ खुर्चीच्या मागे.

"आई, हे कधीपासून?"

मावशी दारातच उभ्या होत्या. "तिला ओरडू नकोस रे," आजी पुटपुटली. "बाई एकटी आणि आम्ही वीस म्हातारे. तुझीही किती धावपळ. म्हटलं, बसेन आपली गुमान."

मावशींचा चेहरा उतरला. आजी पडतील म्हणून बांधतो, वरून तसंच सांगितलंय, म्हणाल्या. बाबांनी गाठ सोडली. आजी उठायला गेली तर गुडघे लटपटले. बाबा आणि टकळीने दोन्हीकडून धरलं तेव्हा कुठे चार पावलं पडली.

"आजच घरी चल," बाबा म्हणाले आणि डोळे पुसत तक्रार लिहायला ऑफिसात गेले.

टकळी पिशवी भरत होती. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंनी आपल्या मांडीवरची चादर बाजूला केली.

टकळी धावत ऑफिसात पोहोचली.

"बाबा, सही नका करू अजून. आधी सगळ्या खोल्या बघून येऊ."