परातीतली कावीळ

रविवारी सकाळी खारबावच्या चिंधू भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भगत रोग्याच्या हातांना ‘तीर्थ’ चोळायचा, हात परातीवर धरायचा आणि तांब्यातलं निवळ पाणी सोडायचा. परातीत पडेपर्यंत ते हळदीसारखं पिवळं व्हायचं.

“बग, कशी पलतेय कावील,” भगत म्हणायचा. “डाक्टर कागदावर दाखवतो, मी परातीत दाखवतो.”

राहनाळच्या बाळारामची मुलगी मृणाली गेल्या वर्षी इथेच ‘बरी’ झाली होती. रोगांशी लढणारी तिच्या शरीराची यंत्रणा तिच्याच यकृतावर तुटून पडली होती. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या त्या यंत्रणेला आवर घालत होत्या, डोळे पांढरे होत आले होते. तेवढ्यात बाळारामने तिला इथे आणलं. श्रेय परातीला मिळालं.

“आता गोली बंद,” भगताने बजावलं होतं. “इंग्रजी औषध गरम. कावील उलटंल.”

उलटण्याच्या धाकाने बाळारामने गोळ्या फेकून दिल्या. यंदा मृणालीचं पोट पाण्याने फुगलं, तिला रक्ताची उलटी झाली.

“उलटलीच ना? चोरून गोली खाल्ली असंल,” म्हणत बाळाराम मृणालीला घेऊन पुन्हा भगताकडे निघाला. सोबत पुतणी क्षितिजा होती. ती शाळेत विज्ञान शिकवते.

“आधी माझे हात धुवा, भगतबाबा,” क्षितिजा म्हणाली.

भगताने तिच्या हातांना तीर्थ चोळून पाणी सोडलं. ते पिवळं झालं.

“तुला बी हाय गो. अंगात मुरलीय.”

“परवाच रक्त तपासलंय. काही नाही.”

“रगतात न्हाय, हाडात हाय.”

तिने तांब्या घेतला आणि भगताच्याच तळव्यांवर धार धरली. परात आणखी पिवळी झाली.

“अगो, भगताला बी झाली,” मागून एक म्हातारी म्हणाली. माणसं हसली.

मग क्षितिजाने साबणाने हात धुतले आणि तीर्थाशिवाय त्यावर तेच पाणी ओतलं. ते निवळच राहिलं. तीर्थ म्हणजे आंब्याच्या सालीचा रस, पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही भेटली की पिवळा रंग येतो, हात कुणाचेही असोत.

“मंग पोरीचे डोले कशानं पांढरे झाले?” बाळारामने विचारलं.

“गोळ्यांनी, काका.”

तिथूनच त्याने मृणालीला ठाण्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळे पांढरे असतानाही आत सूज धुमसत होती. सुजेचे व्रण झाले, व्रणांच्या गाठी झाल्या, यकृत आक्रसून कडक झालं.

“आता रोज घेईन गोळ्या,” मृणाली म्हणाली.

“घ्यायच्याच. पण गेलेलं यकृत त्यांनी परत येत नाही.”

यकृत बदलणं एवढाच मार्ग उरला होता. बाळारामने आपल्या यकृताचा तुकडा देऊ केला, पण तो जुळला नाही. दुसऱ्या कुणाचं मिळण्याआधी मृणाली गेली.

कावीळ हे एका रोगाचं नाव नाही, ती अनेक रोगांची खूण आहे. बरीचशी कावीळ आपोआप ओसरते, त्यावरच असे भगत जगतात. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. ते पांढरे झाले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. यकृत आत झिजत असतं तेव्हा दुखतही नाही.