दामिनीने फुंकलेला तारपा

मित्रांनो, दचकू नका, हा भोपळाच बोलतोय. मी तारपा, वयाने तुमच्या गुरुजींपेक्षाही मोठा. कसाऱ्याच्या अलीकडे आमचा पाडा. तिथल्या मंगळूने दुधी भोपळा वाळवून माझं पोट केलं, त्यात बांबूच्या नळ्या बसवल्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा लावला आणि सगळे सांधे मेणाने बुजवले. मग त्याने फुंकलं, आणि अहो, तो एवढा मोठा आवाज माझा होता! मला ते अजून खरं वाटत नाही.

भाताची कापणी झाली की सारा पाडा माझ्याभोवती नाचायचा. शाळेतली पोरं मला हात लावायला भांडायची. पुढे शाळेत कॅसिओ आला. बटण दाबलं की ढोल, बटण दाबलं की बासरी. पोरं तिकडे पळाली. मग बेंजो आला, मग मोबाइलवरची गाणी. मंगळूला दम्याने गाठलं आणि मी माळ्यावर गेलो. राग यायचा, खोटं कशाला सांगू?

यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात तारपा नाच ठरला. वाजवणारं कुणी नाही म्हणून वाल्मिक सरांनी मोबाइलवर तारप्याचा आवाज शोधला आणि स्पीकर आणला. सातवीतली दामिनी, मंगळूची नात, अडून बसली. तिने मला माळ्यावरून उतरवलं आणि मीच वाजवणार म्हणाली. सरांनी बजावलं, मध्येच सूर तुटला तर स्पीकर लावीन. म्हणजे मी पुन्हा माळ्यावर, आणि या वेळी कायमचा.

आता नवल ऐका. तारपा वाजवणारा श्वास घ्यायला थांबत नाही. गालात हवा धरायची आणि ती मला देता देता नाकाने नवी ओढायची. मंगळूने नातीला पपईच्या पानाचा पोकळ देठ देऊन पाण्याच्या पेल्यात फुंकायला बसवलं. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीपासून पोर हेच करत होती. एवढ्याशा छातीत एवढा वारा कुठून येतो, देव जाणे!

संमेलनात तिने मला तोंडाला लावलं. मुलं एकमेकांचे हात धरून माझ्याभोवती फिरू लागली. मी असा घुमलो की माझंच मेण वितळेल असं वाटलं. आणि तेवढ्यात तिला ठसका लागला. मी मुका झालो. सरांचा हात मोबाइलकडे गेला.

पण पोरं थांबलीच नाहीत. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, ही आमची रीत. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि पाय ठेक्यात, धप धप, धप धप. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे बसलेला मंगळू हळूच म्हणाला, "परत फुंक गो. पोरां नाचतात अजून."

तिने फुंकलं. सरांनी मोबाइल खिशात टाकला आणि तेही रिंगणात शिरले.

मित्रांनो, कॅसिओ वाजवा, बेंजो वाजवा, माझी ना नाही. पण कुणी जुनं वाद्य हातात घेतलं आणि त्याचा सूर मध्येच तुटला, तर हसू नका. तुमचे पाय चालू ठेवा. त्या पायांमुळेच मी अजून वाजतोय.